माजघरातून खळ्यात येताना कॉल तुटू नये म्हणून : फोनचे नेटवर्क बदलण्याची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

गुहागर, दापोली, मालवण, वेंगुर्ले अशा भागांत आता अनेक घरांत फायबरचे कनेक्शन आले आहे आणि खिशात दोन सिमचा फोन आहे. तरीही माजघरात सुरू केलेला व्हॉट्सॲप कॉल खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येईपर्यंत अडखळू लागतो आणि गडग्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीबाहेर, पडताच तुटतो. यावर लोक जे उपाय करतात ते बहुधा उलट्या क्रमाने करतात. आधी फोन बंद-चालू होतो, मग सेटिंग रीसेट होते, मग सिम बदलते आणि शेवटी नवा राऊटर येतो. तो राऊटरही जुन्याच कोपऱ्यात, जुन्याच पद्धतीने बसतो, त्यामुळे तक्रार जिथल्या तिथे राहते.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. कोणते वाय-फाय कधी सोडायचे हे राऊटर ठरवत नाही, फोन ठरवतो, आणि या बाबतीत फोन चिवट असतो. रेंजची एक काडी शिल्लक असली तरी तो तिला धरून बसतो, मग त्यातून नेट येवो वा न येवो. म्हणून मरतुकडे वाय-फाय हे बंद वाय-फायपेक्षा जास्त त्रास देते. फोनने वेळेवर हात सोडावा आणि सोडल्यावर धरायला दुसरे काही तयार असावे, एवढ्यासाठीच ही सगळी मांडणी आहे.

सुरुवातीपूर्वी : बदल तीन प्रकारचे असतात

एकाच घरातल्या दोन वाय-फाय डब्यांमध्ये फोन फिरतो तेव्हा, जोडणी नीट केलेली असल्यास, फोनचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यात त्याला मिळणारा आकडी पत्ता, तोच राहतो आणि कॉल जेमतेम क्षणभर अडतो. एका मोबाइल टॉवरवरून दुसऱ्यावर जाण्याचे काम मोबाइल कंपनीचे जाळे करते. तिथे आपल्या हातात फारसे काही नसते. खरी गाठ तिसऱ्या प्रकारात, म्हणजे वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाण्यात आहे. इथे आयपी पत्ता बदलतो, आणि जुन्या पद्धतीची इंटरनेट जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांना बांधलेली असल्याने ती तुटतेच. काही ॲप ती चटकन पुन्हा जोडतात, काही रेंगाळतात. क्विक नावाच्या नव्या पद्धतीत, जिचे मानक २०२१ मध्ये ठरले, जोडणीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि पत्ता बदलला तरी ती टिकवता येते. पण प्रत्येक ॲप त्याचा लाभ घेतेच असे नाही. आपला त्रास या तिघांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ओळखावे, कारण उपाय त्यावर अवलंबून आहेत.

१. पाहणी : डब्याला हात लावण्याआधी घर फिरून घ्या

एक कागद घ्या, त्यावर घराचा ढोबळ नकाशा काढा आणि माजघर, ओटी, पडवी, माडी, खळे, मागचे परसू, आगर (माडा-पोफळींची बाग) आणि बेडे (आवाराचे फाटक) अशा जागांवर फोनला मिळणारी रेंज आकड्यांत लिहा. काड्या मोजू नका; दोन कंपन्यांच्या फोनांत तीन काड्यांचा अर्थ वेगवेगळा असतो. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचे कोणतेही साधे ॲप डीबीएम या रेंजच्या एककात आकडा दाखवते. हा आकडा उणे असतो, आणि तो शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत बोलणे सुरळीत चालते, आणि उणे ८० च्या खाली फोन जोडलेला दिसतो पण कामाचा नसतो. आयफोन साधारण उणे ७० ला पोहोचल्यावरच दुसरा डबा शोधू लागतो, आणि हा आकडा पुढे दोन डब्यांची जागा ठरवताना लागणार आहे.

त्याच जागांवर वाय-फाय बंद करून मोबाइलची रेंजही लिहून घ्या. अँड्रॉइडमध्ये ती 'फोनविषयी' या भागात सिमच्या माहितीखाली मिळते. फोर-जीसाठी उणे ९० च्या आसपास चांगली आणि उणे ११५ च्या पलीकडे बेभरवशाची समजावी. दोन्ही सिमची नोंद वेगवेगळी करा, कारण ज्या सिमला माडीवर रेंज आहे त्याला आगरात ती असेलच असे नाही.

जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती वाय-फाय बरेच अडवतात, ५ गिगाहर्ट्झचे तर फारच. पावसाळ्यासाठी घातलेली पत्र्याची शेड ते परतवून लावते. चिरा पाणी पितो आणि ओली दाट झाडी लहरी शोषते, म्हणून मे महिन्यात केलेली पाहणी श्रावणात खरी ठरत नाही. ती पावसात एकदा पुन्हा करावी.

तपासणी : कागदावर अशी एक तरी जागा सापडली पाहिजे जिथे वाय-फाय उणे ७५ च्या खाली आहे, पण फोन अजून त्यालाच चिकटलेला आहे. कॉल नेमका तिथे तुटतो. ती जागा सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. घरातले जाळे : नाव एक, पत्ते वाटणारा एक

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

एका डब्याने घर भरत नाही असे दिसले की लोक दुसरा राऊटर आणतात, पहिल्याची केबल त्याच्या इंटरनेटच्या खाचेत खुपसतात आणि त्याला वेगळे नाव देतात. आता घरात दोन स्वतंत्र जाळी झाली. प्रत्येक डबा फोनला आपापला आयपी पत्ता देतो, त्यामुळे माजघरातून माडीवर जाणे फोनच्या दृष्टीने एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासारखे होते आणि कॉल तुटतो. दोन्हींना एकच नाव दिले तरी हा दोष जात नाही, उलट तो झाकला जातो आणि शोधायला अवघड होतो.

योग्य क्रम असा आहे. दुसरा डबा मुख्य राऊटरला जोडण्याआधीच त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ॲक्सेस पॉइंट मोड' (डब्याने पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पसरवण्याचा प्रकार) निवडावा. तो पर्याय नसेल तर आधी डब्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा आणि मुख्य राऊटरच्या वाटपाच्या यादीतून तो पत्ता वगळावा. मग दुसऱ्या डब्याची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावी आणि केबल त्याच्या इंटरनेटच्या खाचेत न लावता लॅनच्या खाचेत लावावी. त्यानंतर दोन्ही डब्यांवर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार हे तिन्ही अक्षरशः सारखे ठेवावेत. एकावर डब्ल्यूपीए-२ आणि दुसऱ्यावर डब्ल्यूपीए-३ असेल, तर काही फोन दुसऱ्या डब्यावर जायला कुरकुर करतात.

जागा ठरवताना पहिल्या पायरीतला कागद समोर ठेवा. पहिल्या डब्याची रेंज उणे ६७ ते ७० होते तिथे दुसऱ्याचीही तेवढीच मिळाली पाहिजे. दोन्ही डबे फार जवळ ठेवले तर फोन पहिल्यालाच धरून राहतो. फार लांब ठेवले तर मध्ये पोकळी राहते. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावे. प्रक्षेपणाची शक्ती 'हाय'वर ठेवण्याचा मोह टाळून ती 'मीडियम' करावी. ही सूचना अनेकांना उफराटी वाटते, पण आगराच्या टोकापर्यंत जाणारे क्षीण वाय-फाय आपल्याला नकोच आहे. फोनने बेड्यापाशी ते सोडून मोबाइल डेटा धरावा, हीच अपेक्षा आहे.

डब्यात '८०२.११ के' आणि 'व्ही' असे पर्याय दिसले तर ते चालू करावेत. जवळ दुसरा डबा कोणता आहे हे त्यामुळे फोनला आधीच कळते. 'आर' हा जलद बदलाचा पर्याय मात्र सर्वांत शेवटी चालू करून पाहावा, कारण काही जुने फोन आणि प्रिंटर त्यानंतर जोडले जात नाहीत. केबलविना चालणारा स्वस्त रिपीटर शक्यतो घेऊ नये. तो ऐकणे आणि बोलणे एकाच चॅनेलवर करत असल्याने वेग साधारण निम्म्यावर येतो. केबल टाकणे अगदीच शक्य नसेल तर चांगला मेश संच (आपसांत बिनतारी जोडून एकच जाळे करणारे डबे) परवडतो.

इशारा : मुख्य घर आणि बाजूची राहण्याची खोली, मांगर किंवा होमस्टेची कॉटेज यांच्यामध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांनी त्या एका केबलमुळे दोन्हीकडची उपकरणे जळू शकतात. दोन इमारतींमध्ये फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल जोडणारा डबा) लावणे थोडे महाग पडते, पण तेच योग्य आहे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत केबलची टोकेही हिरवट होऊन संपर्क सोडतात. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ती काढून पाहावीत.

तपासणी : पहिल्या डब्याजवळ आणि दुसऱ्या डब्याजवळ फोनचा आयपी पत्ता पाहा. तो बदलला तर डीएचसीपी अजून दोन ठिकाणी चालू आहे.

३. लाईट गेल्यावर

लाईट गेली की राऊटर बंद पडतो, फोन मोबाइल डेटावर जातो, इथवर ठीक असते. खरा घोळ अर्धवट बॅकअपमुळे होतो. राऊटर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरचा डबा साध्या सॉकेटमध्ये असतो. मग वाय-फायच्या काड्या पूर्ण दिसतात, आत इंटरनेट नसते आणि फोन फसतो. म्हणून फायबरचा डबा, मुख्य राऊटर, दुसरा डबा आणि मध्ये स्विच असल्यास तोही, हे सगळे एकाच बॅकअपवर हवेत किंवा कोणतेच नकोत.

यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी प्रत्येक डब्याच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, पण ९ आणि ५ व्होल्टचेही असतात, आणि चुकीच्या व्होल्टची पिन लावली की डबा जातो.

तपासणी : कॉल चालू असताना घराचा मेन स्विच पाडा. कॉल टिकला पाहिजे.

४. फोनमधल्या सेटिंग : आधी साफसफाई, मग जोडणी

घरातले जाळे ठीक झाल्याशिवाय या पायरीला हात लावू नका. पुढचे बदल दिलेल्या क्रमानेच करा.

आधी फोनमध्ये साठलेली वाय-फायची यादी उघडा आणि शेजाऱ्यांचे, जुन्या हॉटेलांचे, पाहुण्यांच्या हॉटस्पॉटचे नाव दिसेल ते काढून टाका. शेजारच्या घरातले क्षीण वाय-फाय फोनने आपणहून धरणे, हे वाडीत कॉल तुटण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

त्यानंतर दोन्ही सिमसाठी व्होल्टे (साधा कॉल फोर-जीवरून करण्याची सोय) चालू आहे का ते पाहा. ते बंद असेल तर साधा कॉल टू-जीवर उतरतो आणि तेवढा वेळ नेट थांबते. लगोलग 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. ही सेवा भारतात २०१९ च्या डिसेंबरपासून मिळू लागली आणि जांभ्याच्या घरांना तिचा उपयोग सर्वाधिक आहे. माजघरात मोबाइलची रेंज नसली तरी आपल्याच क्रमांकावर साधा कॉल येतो, आणि बाहेर पडताना कंपनीचे जाळे तो कॉल व्होल्टेवर घेते. अर्थात बाहेर पडण्याच्या जागी फोर-जीची बऱ्यापैकी रेंज असेल तरच. पहिल्या पायरीतली मोबाइलची नोंद यासाठीच होती.

मग मोबाइल डेटा. घरी आल्यावर तो हाताने बंद करण्याची सवय बहुतेकांना असते, आणि तीच नडते. वाय-फाय सोडल्यावर धरायला काही उरत नाही. मोबाइल डेटा कायम चालू ठेवावा. चांगले वाय-फाय असताना फोन आपला सगळा भार त्यावरच टाकतो. आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर अगदी तळाशी 'वाय-फाय असिस्ट' आहे, सॅमसंगमध्ये 'इंटेलिजंट वाय-फाय'खाली मोबाइल डेटावर जाण्याचा पर्याय आहे, आणि इतर अँड्रॉइड फोनांत असाच पर्याय वाय-फायच्या जादा सेटिंगमध्ये सापडतो. तो चालू करावा. डेटा मोजून वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की वाय-फाय कच्चे असताना हा पर्याय गुपचूप डेटा खातो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत 'मोबाइल डेटा ऑल्वेज ॲक्टिव्ह' असेही एक बटण आहे. ते चालू असल्यास बदल लवकर होतो, पण बॅटरी थोडी जास्त जाते.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत. गावाच्या सीमेवर फाइव्ह-जी येत-जात असेल तर नेटवर्कचा प्रकार तेवढ्यापुरता फोर-जीवर ठेवावा. 'ऑटो डेटा स्विच' हा दोन सिममधला पर्याय चालू ठेवला तर एका सिमवर बोलताना दुसऱ्याचा डेटा बंद पडत नाही. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी डेटा रोमिंग तपासावे. मुंबई हे दूरसंचाराचे वेगळे सर्कल आहे, तर कोकण आणि गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतात. त्यामुळे मुंबईच्या सिमवर काही फोनांत रोमिंग बंद असल्यास काड्या पूर्ण दिसूनही नेट चालत नाही. नेमक्या गणपतीत ही तक्रार घरोघरी ऐकू येते.

इशारा : 'नेटवर्क सेटिंग रीसेट' हा पहिला उपाय नव्हे. त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांच्या फोनवर तर तो कधीच करू नये.

५. स्टेशन, हॉटेल आणि जिथे ओटीपी मागतात ते वाय-फाय

असे वाय-फाय जोडल्यावर लगेच नेट देत नाही. आधी एक पान उघडून मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागते. ते पान न उघडण्याचे कारण बहुधा आपल्याच फोनमध्ये असते. व्हीपीएन (नेटची ये-जा कुलूपबंद वाटेने नेणारी सोय) किंवा 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असले तर पान अडते. दोन्ही बंद करा, वाय-फाय जोडा, पान आले नाही तर ब्राउझरमध्ये एखादा साधा, कुलुपाचे चिन्ह नसलेला पत्ता टाकून पाहा, ओटीपी द्या, आणि मगच व्हीपीएन परत लावा. ओटीपी मोबाइलच्या रेंजवर येतो, त्यामुळे जिथे सिमला रेंज नाही तिथे हे वाय-फायही मिळत नाही.

अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपली वेगळी, बनावट ओळख दाखवतो. ती अधूनमधून बदलत असेल तर हॉटेलचे वाय-फाय पुन्हा पुन्हा ओटीपी मागते. मुक्काम दोन-चार दिवसांचा असेल तर त्या एका वाय-फायपुरती ओळख स्थिर ठेवावी.

गाडी सुटण्याआधी वाय-फाय हाताने बंद करा. चिपळूण किंवा कुडाळचा फलाट मागे पडत असताना फोन त्या वाय-फायला शेवटपर्यंत धरून राहतो, आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी पोहोचल्याचा फोन करत असतो. नंतर त्या नावापुढचे 'आपोआप जोडा' बंद करून टाका.

६. रेल्वे, घाट आणि खाडी

कोकण रेल्वेवर बोगदे इतके आहेत की लांबचा अखंड कॉल ही अपेक्षाच सोडावी. रत्नागिरीच्या उत्तरेचा करबुडे बोगदा एकटाच सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. व्हिडिओ बैठक, तिकिटाचे पैसे, ओटीपी लागणारे कोणतेही काम मोठ्या स्टेशनावर गाडी उभी असताना करावे. बोगद्यातून बाहेर आल्यावर फोनला अर्ध्या-एक मिनिटात रेंज आली नाही तर विमान मोड दहा सेकंद लावून काढावा. बोगद्याच्या आत असताना ही खटपट करून उपयोग नाही. घाटात किंवा गाडीत असताना नेटवर्क हाताने निवडू नये. निवडलेच तर नंतर ते 'ऑटोमॅटिक'वर न्यायला विसरू नये, कारण तसे विसरल्यास फोन तासन्‌तास 'नो सर्व्हिस' दाखवत राहतो.

खाडीकाठची अडचण वेगळी आहे. पाण्यावर आडोसा नसल्याने दाभोळच्या जेट्टीवरच्या फोनला धोपाव्याकडचा लांबचा टॉवरही ऐकू येतो. टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत येतो, पण आपल्या फोनचा क्षीण आवाज तिथवर नीट जात नाही. म्हणून काड्या भरपूर असूनही समोरच्याला आपले बोलणे तुटक ऐकू जाते. अशा वेळी किनाऱ्यापासून थोडे आत, घरांच्या आडोशाला यावे. लांबचा टॉवर झाकला जातो आणि फोन जवळचा धरतो. घर खाडीच्या तोंडावर असेल तर बोलण्यासाठी मागची पडवी पुढच्या ओटीपेक्षा बरी ठरण्याचे कारणही हेच.

गावी राहून ऑफिसचे काम करणाऱ्यांनी व्हीपीएनचा प्रकार विचारून घ्यावा. वायरगार्ड आणि 'मोबाइक' ही पत्ता बदलण्याची सोय असलेले आयकेई-व्ही-२ हे प्रकार आयपी पत्ता बदलला तरी टिकून राहतात. बरेच इतर प्रकार प्रत्येक बदलाला नव्याने लॉगइन मागतात, आणि त्यावर फोनमध्ये कितीही सेटिंग बदलून उपयोग होत नाही.

७. पैसे देताना

हर्णैच्या लिलावात किंवा बाजारात यूपीआयने पैसे देताना मधेच नेटवर्क बदलले तर चक्र फिरत राहते. त्या क्षणी पुन्हा स्कॅन करून पुन्हा पैसे पाठवणे ही सर्वांत महाग चूक आहे. वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर या, ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत स्थिती पाहा आणि 'पेंडिंग' असेल तर थांबा. खात्यातून पैसे गेले आणि समोर पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यक्तीला पाठवलेले पैसे पुढच्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांच्या आत आपोआप परत आले पाहिजेत. घाईची रक्कम असेल तर दुसऱ्यांदा रोख द्यावी.

८. शेवटची चाचणी : चालत, बोलत, आणि एका वेळी एकच बदल

चाचणी दोन कॉलांनी करायची. पहिला व्हॉट्सॲप कॉल माजघरात लावा, बोलत बोलत माडीवर जा, खाली या, खळ्यातून बेड्यापर्यंत आणि तिथून रस्त्यावर पन्नास पावले चाला, मग तसेच परत या. दुसऱ्याने समोर आकडे मोजत राहावे, म्हणजे कुठे किती आकडे गिळले गेले ते कळते. घरातल्या दोन डब्यांमध्ये एखादा आकडा गेला तर चालेल. बेड्यापाशी व्हॉट्सॲप कॉल काही सेकंद थांबून पुन्हा सुरू झाला तर तेही समाधानकारक आहे. आयपी पत्ता बदलताना यापेक्षा जास्त मागता येत नाही. दुसरा साधा कॉल, वाय-फाय कॉलिंगवरून, त्याच वाटेने न्या. तो न थांबता पार पडला पाहिजे.

कॉल घरातच तुटला तर दुसऱ्या पायरीकडे परत जा. बेड्यापाशी आवाज बंद पडूनही वाय-फायचे चिन्ह बराच वेळ तसेच राहिले तर डब्याची शक्ती आणखी कमी करा. चिन्ह लगेच बदलले पण कॉल पुन्हा सुरू झालाच नाही तर मोबाइल डेटा किंवा तिथली रेंज तपासा. जाताना ठीक आणि येताना तुटतो असे असेल, तर फोन खळ्यातच क्षीण वाय-फाय फार लवकर धरतो आहे. अशा घरी दुसरा डबा ओटीच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूला तोंड करून लावला की खळ्यात शिरतानाच फोनला भक्कम वाय-फाय मिळते.